जादू दुर्मीळ होती म्हणे!

गतकाळाबद्दल बोलताना माणसे एक ठरलेली लबाडी करतात. आमचा काळ साधा, कठोर, मेहनतीचा होता आणि आजच्या पोरांना सगळे आयते मिळते, असे सांगतात. धर्मात हे चालते, राजकारणात चालते, शाळेच्या स्टाफरूममध्ये तर रोज चालते. पण ज्या खेळाला जेमतेम पन्नास वर्षे झाली, ज्याची जुनी नियमपुस्तके आजही वाचायला मिळतात, त्याच्याबाबतीतही ही लबाडी बिनदिक्कत खपते, तेव्हा गप्प बसवत नाही.

खेळ आहे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ साली तो तीन छोट्या पुस्तिकांत प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसायचे, कागद-पेन्सिल आणि फासे घ्यायचे. एकाने सूत्रधार व्हायचे. बाकीच्यांनी योद्धा, मांत्रिक, धर्मोपदेशक अशी पात्रे घेऊन त्याने रचलेल्या भुयारात उतरायचे, राक्षसांशी लढायचे आणि खजिना घेऊन जिवंत परत यायचे. या खजिन्यात नाण्यांबरोबर जादुई तलवारी, अंगठ्या, छड्या, मंत्रांची भेंडोळी असतात.

जुन्या खेळाडूंपैकी एक वर्ग सांगतो की, सुरुवातीच्या काळात जादुई वस्तू क्वचित मिळायची, एका साध्या जादुई तलवारीसाठी वर्षभर झटावे लागायचे; पुढच्या आवृत्त्यांनी मुलांना लाडावले. ऐकायला छान वाटते. छापलेले नियम मात्र वेगळेच सांगतात.

१९७४ च्या तीन पुस्तिकांपैकी दुसरीचे नावच ‘मॉन्स्टर्स अँड ट्रेझर’. म्हणजे अर्धे शीर्षक खजिन्याचे. कोणत्या राक्षसाकडे कोणत्या प्रकारचा खजिना आणि त्यात जादुई वस्तू असण्याची शक्यता किती टक्के, याचे कोष्टक तिच्यात आहे. एका सोन्याच्या नाण्याला एक अनुभवगुण, हा हिशेबही पहिल्यापासूनचा. म्हणजे पात्राला वर चढायचे तर खजिना हवाच, आणि जिथे खजिना तिथे जादूसाठी फासा टाकायचाच. १९७९ च्या सूत्रधाराच्या जाडजूड मार्गदर्शिकेत जादुई वस्तूंच्या याद्या पानोपानी पसरल्या आहेत. पात्रांची टोळी झटपट तयार करायची असेल तर पात्राच्या पातळीप्रमाणे कोणती जादुई वस्तू मिळण्याची किती टक्के शक्यता, याचे एक परिशिष्टही तिथे आहे. दुर्मीळ गोष्टींची अशी घाऊक सोय कोणी करून ठेवत नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो ‘पॅलाडिन’चा नियम. हा व्रतस्थ योद्धा. मिळकतीचा दहावा हिस्सा त्याने दान करायचा, संपत्ती साठवायची नाही. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात त्याच्यावर बंधन आहे की, दहापेक्षा जास्त जादुई वस्तू बाळगू नयेत. एक चिलखत, एक ढाल, चार शस्त्रे आणि इतर चार वस्तू. हा त्याचा संन्यास! फकिराला दहाची मर्यादा घालावी लागत असेल तर बाकीच्यांच्या झोळ्यांचा अंदाज वाचकांनीच करावा. नवख्यांसाठीच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या गाजलेल्या साहसातला किल्लेदारसुद्धा जादुई चिलखत, जादुई ढाल आणि जादुई तलवार बाळगून आहे.

यावर उत्तर येते की, त्या काळातल्या जाणत्यांनीच उधळपट्टीविरुद्ध इशारे दिले होते. खरे आहे. १९७६ साली टिम कास्क यांनी ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत ‘माँटी हॉल’ पद्धतीच्या सूत्रधारांवर तोंडसुख घेतले. माँटी हॉल हा टीव्हीवर बक्षिसे वाटणाऱ्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक. पण या इशाऱ्याने सिद्ध काय होते? ज्या भिंतीवर ‘येथे कचरा टाकू नये’ असे लिहिलेले असते, तिथे कचरा पडत असतो. खेळ निघून दोनच वर्षे झाली होती आणि प्रस्तावनेत फटकारण्याची वेळ आली होती. म्हणजे उधळण पहिल्या पिढीतलीच.

मग ‘दुर्मीळ’ हा समज आला कुठून? माझ्या मते माणसांना आठवते ती गमावलेली जादू. १९७४ च्या कोष्टकात सापडणाऱ्या दर शंभर जादुई वस्तूंमागे पंचवीस पेये आणि वीस भेंडोळी. म्हणजे पंचेचाळीस वस्तू वापरल्या की संपल्या. छड्यांची शक्ती मोजकी. तलवार योद्ध्यानेच वापरायची, मांत्रिकाला तिचा उपयोग नाही. काही वस्तू शापित निघत. ‘रस्ट मॉन्स्टर’ नावाचा प्राणी नुसत्या स्पर्शाने लोखंडाचा गंज करी, जादुई चिलखतही त्याच्यापुढे सुरक्षित नसे. दुसरीकडे, ‘स्पेक्टर’सारख्या भुताला साधे शस्त्र लागतच नाही. जादुई शस्त्र नसेल तर पळायचे, एवढाच पर्याय. आणि एका मोहिमेत चार ते पन्नास खेळाडू सामावतील असे पहिली पुस्तिकाच म्हणते. इतक्या हातांत वाटायचे, वापरायचे, हरवायचे, म्हणजे पुरवठा मुबलक लागणारच.

आम्हा उर्दूवाल्यांना यात नवल वाटायला नको. त्या पहिल्या यादीत उडता गालिचा आहे, जिन्न बोलावणारी अंगठी आहे, इफ्रीत कोंडलेली बाटली आहे. हे सामान कोणत्या घरचे, ते अलिफ लैला वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने अमीर हमजाच्या दास्तानचे ४६ खंड काढले. त्यातल्या अमर अय्यारकडे सारे जग मावेल अशी जंबील आहे, अदृश्य करणारी गिलीम आहे. पानापानावर जादू, तरी उत्कंठा कमी होत नाही. कारण तिलिस्म तोडायला त्याच तिलिस्मची लौह हवी. बाकी चमत्कार खिशात असूनही माणूस अडकतो. जादू मोलाची ठरते ती अडचणीमुळे. तिची संख्या कमी-जास्त असल्याने फारसे बिघडत नाही.

याच सुमारास, १९७५ साली, ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ निघाला. कर्ते एम. ए. आर. बार्कर, मिनेसोटा विद्यापीठातले प्राध्यापक आणि इंग्रजीतून उर्दू शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे लेखक. त्यांच्या जगात प्राचीनांनी मागे ठेवलेली ‘डोळे’ नावाची चमत्कारी यंत्रे सापडतात. त्यांचीही शक्ती वापरून संपते. बार्कर यांनी टोपणनावाने नाझी विचारांची कादंबरी लिहिली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर, २०२२ साली, त्यांच्या वारशाची जबाबदारी असलेल्या संस्थेनेच जाहीर केले. माणसाबद्दलचा आदर तिथे संपतो. त्यांच्या पुस्तकातला पुरावा मात्र तसाच राहतो.

नंतर काहीच बदलले नाही, असे नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत कोणत्या गावात किती किमतीपर्यंतची वस्तू विकत मिळेल, कोणत्या पातळीच्या पात्राकडे एकूण किती संपत्ती असावी, असे तक्ते आले. नशिबाने मिळणारी वस्तू हक्काची झाली. यावर टीका करायची तर जरूर करा, ती रास्त आहे. पण २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ज्या प्रभावी वस्तूंशी पात्राला ‘जुळवून’ घ्यावे लागते, त्या एका वेळी तीनच. ‘लाडावलेल्या’ पोरांना ही मर्यादा, आणि जुन्या काळच्या व्रतस्थाला दहा!

हा वाद खेळाचा आहे, म्हणून तो क्षुल्लक मानू नये. शुद्ध, कडक, काटकसरी भूतकाळ रचायचा आणि त्याची छडी करून नव्या पिढीला झोडायचे, ही रीत इथे उघडी पडते, कारण इथे पुस्तक हाताशी आहे. इतर ठिकाणी ते शोधावे लागते, म्हणून तिथे वडीलधाऱ्यांचे फावते. वर्गात ‘आमच्या काळी’ने सुरू होणारे वाक्य आले की मुलांनी नम्रपणे विचारावे, ‘सर, कोणत्या पानावर?’ असे विचारणाऱ्या मुलाला उद्धट ठरवणारा शिक्षक स्वतःच पुस्तक उघडायला घाबरलेला असतो.