दंतरोगाचे संशोधन आणि मुखाचे कर्म : मोजायचे ते काय?

वैद्यांच्या परिषदांत आणि पदव्युत्तर प्रबंधांत दंतधावन, कवल व गंडूष हे विषय आता नवे राहिलेले नाहीत. कोणत्या तेलाने मुखातील जंतू किती घटले, कोणत्या चूर्णाने दातांवरील किटण किती कमी झाले, याची कोष्टके त्यांत असतात. हे काम उपयुक्त आहे, हे प्रारंभीच मान्य करतो. परंतु ज्या ग्रंथांच्या आधारे हे उपक्रम सांगितले जातात, त्या ग्रंथांनी फल म्हणून जे सांगितले आहे ते या कोष्टकांत क्वचितच आढळते. चावणे, चव घेणे, गिळणे व बोलणे ही मुखाची कर्मे होत. ती किती सुधारली, हे आपण मोजत नाही. आयुर्वेदीय दंतसंशोधनाने आपला मापदंड बदलावा, आणि हा बदल मोठ्या संस्थांची वाट न पाहता पहूर-जामनेरसारख्या गावांतील दवाखान्यांतून सुरू व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ग्रंथोक्त फल कोणते?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात तीळतेलाच्या गंडूषाची फले दिली आहेत. हनूला बल मिळते, स्वराला बल मिळते, मुख पुष्ट होते, रसज्ञान उत्तम होते व अन्नावर रुची येते. कंठ कोरडा पडत नाही, ओठ फुटत नाहीत. दात क्षय पावत नाहीत, त्यांची मुळे दृढ होतात, ते दुखत नाहीत, आंबट पदार्थाने आंबत नाहीत आणि अत्यंत कठीण पदार्थही चावू शकतात. ही यादी लक्षपूर्वक वाचावी. दात किडू नयेत हे तिच्यातील केवळ एक फल आहे. बाकीची बहुतेक फले कर्माची आहेत : चावण्याची शक्ती, स्वर, चव, मुखाचा ओलावा.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात आठ दंतरोग सांगितले आहेत. दालन, कृमिदंत, दंतहर्ष, भंजनक, दंतशर्करा, कपालिका व श्यावदंत यांच्याबरोबर आठवा रोग आहे हनुमोक्ष. जबड्याचा सांधा निखळणे हा दातांचा रोग का मानावा? कारण दात हा जबड्यापासून वेगळा काढून पाहण्याचा अवयव नव्हे, ही दृष्टी त्यामागे असावी. दाताचे मोल त्याच्या कामावरून ठरते आणि ते काम हनू, जिव्हा, ओष्ठ व बोधक कफ यांच्या साह्याने होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ग्रंथात फल सांगितले म्हणजे ते सिद्ध झाले, असे समजणे ही संशोधकाची वृत्ती नव्हे. चरकाची यादी ही तपासून पाहण्याजोग्या विधानांची यादी आहे. तिच्यातील बहुतेक विधाने मोजता येतात, हेच तिचे मोठेपण आहे.

कृमिदंत : काय मान्य करावे?

काळा पडलेला, छिद्र असलेला, हलणारा, स्रवणारा, सूज व तीव्र वेदना असलेला आणि कारणावाचून दुखणारा दात, हे सुश्रुतोक्त कृमिदंताचे वर्णन आजही अचूक वाटते. चिकित्सेतही विवेक आहे. दात हलत नसेल तर स्वेदन, रक्तविस्रावण व स्नेहगंडूष. हलत असेल तर तो उपटून काढून पोकळीचे दहन. म्हणजे केवळ चूर्ण लावून कृमिदंत बरा करण्याचे आश्वासन सुश्रुतांनीही दिलेले नाही.

किडीचे कारण पुढे स्पष्ट झाले. डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये मुखातील जंतू शर्करेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दाताचे कवच विरघळवते, असा सिद्धांत मांडला. १९२४ मध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकोकस म्युटान्स हा जंतू वेगळा केला. १९४० च्या दशकात स्टीफन यांनी दाखवले की गोड पदार्थ मुखात जाताच काही मिनिटांत दातांवरील थरात आम्लता वाढते आणि पूर्वस्थितीस येण्यास अर्धा ते एक तास लागतो. म्हणून एकदा खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर घोटघोट घेतलेला गोड चहा दाताला अधिक घातक ठरतो. ग्रंथातील ‘कृमी’ म्हणजे हाच जंतू, अशी ओढाताण करण्याची गरज नाही. प्रत्यक्ष पाहिलेल्या लक्षणांचे वर्णन खरे राहते, कारणाचे ज्ञान वाढते. त्याने शास्त्राला उणेपणा येत नाही.

त्याच न्यायाने हेही मान्य केले पाहिजे की, योग्य प्रमाणात फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दातांची कीड कमी होते, हे अनेक दशकांच्या चाचण्यांनी दाखवले आहे. आपल्या मंजनांविषयी तशा तोलाचा पुरावा आज आपल्याकडे नाही. यवतमाळ-चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइड हा स्वतंत्र प्रश्न आहे. तेथे पाण्याची तपासणी करूनच सल्ला द्यावा. पण त्या प्रश्नाच्या आडून सर्वत्र फ्लोराइडला विष ठरवणे वैद्यास शोभत नाही.

संशोधनात उणीव कोठे आहे?

२००८ साली चेन्नईत तीळतेलाच्या गंडूषाची क्लोरहेक्झिडीनशी तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत मिळून वीस किशोरवयीन मुले होती. जंतूंचे प्रमाण घटल्याचे त्यात आढळले. आपल्या व्यासपीठांवर अशा अभ्यासांचा उल्लेख ‘गंडूष शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला’ असा केला जातो. परंतु वीस मुले व काही दिवसांचा कालावधी यांवरून दात किडणे थांबले असे म्हणता येत नाही. हनुबल, रसज्ञान किंवा चर्वणशक्ती यांविषयी तर असा अभ्यास काहीच सांगत नाही, कारण तो त्यासाठी केलेलाच नसतो.

मुखकर्माचे मोजमाप कसे करावे, याचा वस्तुपाठ जपानने घालून दिला आहे. ऐंशीव्या वर्षी वीस दात टिकवावेत, ही मोहीम तेथे १९८९ मध्ये सुरू झाली. पुढे केवळ दात मोजणे पुरेसे नाही, हे तेथील तज्ज्ञांच्या ध्यानात आले. २०१६ मध्ये जपानच्या वृद्धदंतवैद्यक संस्थेने मुखकर्मऱ्हासाचे निकष मांडले आणि २०१८ पासून त्याची तपासणी तेथील आरोग्यविम्यात समाविष्ट झाली. निकष सात आहेत : मुखाची अस्वच्छता, मुखाचा कोरडेपणा, दात आवळण्याच्या शक्तीत घट, जिव्हा-ओष्ठांच्या हालचालींत मंदता, जिव्हेच्या दाबात घट, चर्वणशक्तीत घट आणि गिळण्याच्या क्रियेत घट. यांपैकी तीन किंवा अधिक आढळल्यास मुखकर्माचा ऱ्हास झाला असे मानतात. ही यादी चरकोक्त फलांशेजारी ठेवून पाहावी. हनुबल, कंठशोष व कठीण पदार्थ चावणे या गोष्टी दोन्हींकडे आहेत. जपान्यांनी त्या मोजल्या, आपण त्या पाठ केल्या.

आपल्या भागातील मुख

आपण अष्टविध परीक्षेत जिव्हा पाहतो; पण जिव्हेभोवतीचे दात, गाल व हिरड्या पाहतोच असे नाही. वृद्ध रुग्ण अरुची, मलावष्टंभ व कृशता यांची तक्रार करतो आणि त्याला अग्निमांद्य समजून हिंग्वाष्टक दिले जाते. त्याच्या दाढा पडून गेल्या आहेत, तो भाकरी दुधात कुस्करून गिळतो, शेंगदाणे व कच्ची भाजी त्याने कधीच सोडली आहे, हे विचारले जात नाही. ज्या अन्नाचे चर्वण झाले नाही, त्याच्या पचनाचा सारा भार आपण चूर्णावर टाकतो.

दुसरा प्रश्न मिश्रीचा. दाढ दुखते म्हणून भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावण्यास सुरुवात होते आणि पुढे ते व्यसन होते. एप्रिल १९९२ मध्ये केंद्र सरकारने तंबाखूयुक्त दंतमंजनांवर व टूथपेस्टवर बंदी घातली. आयुर्वेदीय औषधाचा परवाना असलेली मंजनेही तिच्या कक्षेत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही बंदी कायम ठेवली. आपल्या शास्त्राच्या परवान्याखाली तंबाखू विकली जात होती, ही गोष्ट आपण विसरू नये. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. डबीतून तंबाखू गेली, पण तव्यावरची मिश्री राहिली.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. गुटखा व सुपारी खाणाऱ्या तरुणांचे तोंड हळूहळू उघडेनासे होते. भारतातून या रोगाचे वर्णन १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी केले. गालाखालील तंतू कठीण होत जातात, तिखट सोसत नाही, मोठा घास घेता येत नाही. अशा रुग्णांच्या १७ वर्षांच्या एका पाठपुराव्यात ७.६ टक्के जणांस कर्करोग झाल्याचे आढळले. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. परंतु बंदी आली म्हणून रोग थांबला नाही. याच महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांचे मुख तपासून डॉ. फली मेहता व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला होता. मुंबईतील संशोधक गावोगाव जाऊन लाखभर मुखे पाहू शकतात, तर दररोज रुग्ण पाहणाऱ्या वैद्याने समोरच्या रुग्णास तोंड उघडण्यास सांगणे कठीण नाही.

औषधनिर्माते व विक्रेते यांस

दशनसंस्कार चूर्ण आपल्याकडे प्रचलित आहे. त्यात सुंठ, हिरडा, नागरमोथा, खदिर, कापूर, लवंग यांच्याबरोबर जाळलेली सुपारी व खडूही असतो. सुपारी कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. तो सुपारी चघळण्याविषयी आहे. पूर्ण जळून राख झालेल्या सुपारीस तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही. मात्र बाजारातील चूर्णात सुपारी पूर्ण जळालेली असते की अर्धी भाजलेली, याची प्रत्येक घाण्यास तपासणी व्हावी. दुसरी तपासणी कणांची. जाडसर चूर्ण हिरडीजवळचा दात झिजवते आणि दंतहर्ष उत्पन्न करते. दंतहर्षासाठी विकलेले मंजनच त्याचे कारण ठरावे, यासारखी विसंगती नाही. आणि पुराव्यावाचून डबीवर ‘कीड नाहीशी करते’ असे छापू नये. मुख स्वच्छ करते, हिरड्यांस बळ देते, एवढे खरे असेल तर तेवढेच लिहावे. ग्राहक त्यावरही विश्वास ठेवतो.

करावयाचे काम

संघाने सभासदांसाठी केसपेपरवर पाच रकाने छापून द्यावेत, अशी सूचना आहे. पहिला, दातांची संख्या व किडलेल्या दातांची संख्या. दुसरा, मुखविवृती : रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी मुखात जातात का? तिसरा, मुखशोष, आणि त्याबरोबर मधुमेह व चालू असलेली औषधे. चौथा, चर्वण : केळे, भाकरी, फुटाणे, ऊस यांपैकी काय चावता येते? पाचवा, उच्चार : पाच सेकंदांत ‘प’, नंतर ‘त’, नंतर ‘क’ किती वेळा स्पष्ट म्हणता येतो? ओष्ठ्य, दंत्य व कंठ्य वर्णांची ही विभागणी आपल्या व्याकरणास पूर्वीपासून ठाऊक आहे. जपानी तपासणीत याच तीन उच्चारांनी ओठ, जिव्हाग्र व जिव्हामूल यांची चपळता मोजतात. सेकंदास सहांपेक्षा कमी उच्चार झाल्यास ती घटली असे समजतात. या साऱ्यास यंत्र लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

हीच नोंद गंडूषापूर्वी व तीन महिन्यांच्या गंडूषानंतर ठेवली, आणि तितक्याच रुग्णांचा गंडूष न दिलेला गट बरोबर घेतला, तर चरकोक्त फलांची खरी परीक्षा होईल. रुग्णांची संमती व नैतिक समितीची मान्यता यांसाठी साकेगावचे आयुर्वेद महाविद्यालय आणि दंतपरीक्षणासाठी धुळ्याचे दंत महाविद्यालय यांच्याशी संघाने बोलणी करावीत. गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धास तेलाचा गंडूष देऊ नये, कारण तेल फुप्फुसांत गेल्यास गंभीर विकार होतो. पाच वर्षांखालील बालकास कवल देऊ नये, हे वाग्भटांनीही सांगितले आहे.

नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणक्रमात दात काढणे व दंतमूळ उपचार यांचा समावेश केला. त्यावर मोठा वाद झाला. परंतु हा अधिकार त्या विषयात प्रशिक्षित वैद्यांपुरताच आहे, हे आपण इतरांनी ध्यानात ठेवावे. छिद्र पडलेला दात, दोन बोटांइतकेच उघडणारे तोंड किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसताच रुग्णास चिठ्ठी देऊन दंतवैद्याकडे पाठवणे, हे कमीपणाचे नाही. तो वैद्याचा धर्म आहे.

नोंदींतून गंडूषाने चर्वणशक्ती वाढल्याचे दिसले, तर जगाला देण्यासारखे काही आपल्या हाती येईल. दिसले नाही, तर तेही निःसंकोचपणे याच अंकात छापावे. येत्या वार्षिक सभेत या पाच रकान्यांचा ठराव मांडला जावा आणि पहूर, शेंदुर्णी, जामनेर येथील सभासदांनी त्याचा प्रारंभ करावा, ही विनंती.