बागेला पाणी, पोराला तहान



पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजानं कित्येक गावांत दगडी पाट्या लावल्या : या गावातून इतके गेले, इतके मेले. नुसते आकडे. माझ्या गावच्या शाळेनं आता तसल्या पाटीभोवती बाग केलीय. गुलाब, हिरवळ, दोन टाइम पाणी. हेडमास्तर म्हणतात, वीरांचा सन्मान.

कुठल्या वीरांचा? आकड्यात आमचे किती, कोण सांगतंय? १८९२ च्या सुमाराला महारांना लष्कराचं दार बंद केलं. लढाईत माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. १९२१ ला मोडून टाकली. गरज सरो, महार मरो!

आणि शाळेनं सन्मानाच्या गप्पा माराव्यात? ७ नोव्हेंबर १९०० ला सुभेदार रामजींचा भीमा साताऱ्याच्या शाळेत गेला. बाप लष्करातून निवृत्त सुभेदार, पोरगा गोणपाटावर, बाजूला. शाळेचा शिपाई असला तर वरून पाणी ओतणार. नसला तर दिवसभर तहान.

गोणपाट मला शिकवू नका. गोदीत रोज पाठीवर घेतो.

माझा भाचा त्याच शाळेत आहे. बागेची झारी रोज त्याच्याच हातात. उद्घाटनाला हार घालायला मात्र दुसऱ्यांची पोरं. का?

बाग उपटा म्हणत नाय मी. आकडे खोडा, नावं लिहा. आमचीही. झारी सगळ्या पोरांना पाळीपाळीनं द्या.

नाय दिली तर आम्ही येऊ. खडू घेऊन नाय, छिन्नी घेऊन.