मोडणारं पातं



सुट्टीत नातू आलाय, आणि सोबत फूटभर लांबीचं रिमोटचं हेलिकॉप्टर. आठ दिवसांत अंगणात चार पाती मोडली. आता साहेबांना ‘अपग्रेड’ हवंय: कार्बनची पाती, ॲल्युमिनियमचं रोटर हेड, मोठी बॅटरी. माझ्या मुलाने लगेच ऑनलाइन मागवलंसुद्धा! मी आयुष्यभर मराठी शिकवलं, विज्ञान नाही, त्यामुळे घरात माझं मत कुणी विचारलं नाही. म्हणून इथे लिहिते. :)

माझं म्हणणं असं, की ते प्लास्टिकचं पातं मोडतं हेच बरं आहे.

आपल्या मिक्सरखाली कपलर असतो ना? भांड्यात काही अडकलं की तो झिजतो, तुटतो. मी एकदा इथल्या मोटर वाइंडिंगवाल्याला म्हटलं, बाबा रे, लोखंडाचा बसव एकदाचा. तो म्हणाला, “काकू, हे तुटते म्हून मोटर वाचते ना!” तेच इथे. हेलिकॉप्टर तुळशीवृंदावनावर आदळलं की स्वस्तातलं पातं जातं आणि धक्का तिथेच संपतो. पातं न मोडणारं लावलं तर धक्का आत शिरणार. मधला दांडा वाकेल, गिअरचे दात जातील. मग दांडा मजबूत, मग गिअर, मग मोटर... शिवाय प्रत्येक भागाचं वजन वाढणार, ते पेलायला मोठी बॅटरी, आणि तिचं पुन्हा वजन!

“पण आजी, ते उचलतच नाही नीट.” अरे, दुपारी बाराला भद्रावतीत मे महिन्यात माणूस तरी नीट उठतो का? गंमत सोडा, पण सकाळच्या 30 अंशांपेक्षा दुपारच्या 45 अंशांना हवा जवळजवळ पाच टक्के विरळ असते. पात्यांना धरायला तेवढी हवा कमी. सहा वाजता उडवून बघ म्हटलं. उडालं की हो.

त्याचा शेवटचा मुद्दा मंगळाचा. इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरची पाती कार्बनचीच होती! खरंय. पाच उड्डाणांसाठी पाठवलेलं ते 72 वेळा उडालं. पण तिथे सुटे भाग घेऊन कोण जाणार होतं? आणि जानेवारी 2024 मध्ये शेवटी त्याचीही पातीच मोडली. मुख्य म्हणजे जवळ कुणी उभं नव्हतं.

माझी खरी भीती ही आहे. 30 सेंटीमीटर व्यासाची पाती मिनिटाला 2500 फेरे घेत असली तर टोकाचा वेग ताशी 140 किलोमीटर होतो. (हिशेब नातवानेच करून दिला, श्रेय त्याला.) प्लास्टिकचंही डोळ्याला लागू शकतं, कार्बनचं तर बोलायलाच नको. ऑगस्ट 2021 मध्ये आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीला, एका वेल्डिंग करणाऱ्या तरुणाने खरं हेलिकॉप्टर बनवलं होतं. जमिनीवरच चाचणी घेताना पातं तुटलं आणि त्याचा जीव गेला. मी ती बातमी दोनदा वाचली. असं पोर वर्गात असतं तर मी त्याला थांबवलं असतं की कौतुक केलं असतं? बहुधा कौतुकच. ते मनातून जात नाही.

असो. काल आम्ही दोघांनी नवी प्लास्टिकची जोडी स्क्रूने एकमेकांना जोडून दोन पेल्यांच्या काठांवर तोलली. एक पातं हलकं निघालं. त्याच्या टोकाला सेलोटेपचा तुकडा लावला, तर थरथर बरीच कमी झाली. खर्च शून्य. नातवाने चष्मा लावायचं आणि मी ओट्याच्या आत बसायचं कबूल केलंय.

पार्सल आलंय. कपाटावर ठेवलंय, फोडलेलं नाही. रविवारी त्याचे बाबा येताहेत, तेव्हा खरा सामना.