कपाटात ठेवलेल्या गोळ्या

वाकोल्याच्या एका भगिनीचे चार पानी पत्र समोर आहे. वय अठ्ठावीस, लग्नाला तीन वर्षे झाली. पाळी कधी दोन महिन्यांनी, तर कधी तीन. सोनोग्राफीत पीसीओएस निघाले. डॉक्टरांनी लेट्रोझोल दिली. पण पाकिटातल्या कागदावर 'कर्करोग' हा शब्द वाचून बाईंनी गोळ्या कपाटात ठेवून दिल्या! त्यात सासूबाईंचे पालुपद : "पोटात गाठी आहेत, मूल कसलं होतंय?"

अहो, त्या गाठी नव्हेतच. दर महिन्याला बीजकोशात काही बीजे वाढू लागतात आणि त्यांतले एक पक्व होऊन बाहेर पडते. संप्रेरकांचा तोल बिघडला की ती अर्ध्यावरच थांबतात. सोनोग्राफीत दिसतात त्या याच थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या. कापून काढण्यासारखे त्यात काही नसते. आणि तुम्ही एकट्या नाही. मुंबईतल्या १५ ते २४ वर्षांच्या मुलींची एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत एका निकषाने शंभरात बावीस-तेवीस, तर कडक निकषाने अकराजणींना ही तक्रार आढळली.

आता ती गोळी. लेट्रोझोल मूळची स्तनाच्या कर्करोगावरची, हे खरे. पण पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घेतली की तीच बीज पक्व करायला मदत करते. आपल्या सरकारने २०११ साली वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी घातली होती. २०१७ साली ती उठली. मधल्या काळात, २०१४ मध्ये, अमेरिकेत ७५० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या क्लोमिफेनने शंभरात एकोणीसजणींच्या घरी पाळणा हलला, लेट्रोझोलने सत्तावीस-अठ्ठावीसजणींच्या. आज पहिली पसंती तिलाच असते. मात्र दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. कपाटातल्या गोळ्या मनाने सुरू करू नका.

वजन जास्त असेल तरच उतरवायचे. सत्तर किलोवर साडेतीन किलो उतरले तरी पुष्कळजणींची पाळी मार्गावर येते. त्यासाठी उपवास नकोत. साबुदाण्याची खिचडी खाऊन वजन उतरल्याचे मी तरी पाहिलेले नाही! जेवणात भाकरी, उसळ, पालेभाजी वाढवा आणि रोज अर्धा तास झपझप चाला. दिवस राहण्याआधीपासून फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. या तक्रारीत गरोदरपणी साखर व रक्तदाब वाढण्याचा संभव असतो. तीन महिने पाळी आली नाही तर वाट बघत बसू नका, गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते.

"ह्यांची तपासणी कशाला?" असे तुम्ही लिहिलेत. का नको? वीर्यतपासणी सोपी नि स्वस्त असते, खरे तर ती आधीच व्हायला हवी होती. सांताक्रूझ पूर्वेचे पालिकेचे व्ही. एन. देसाई रुग्णालय तुमच्यापासून लांब नाही. दोघे मिळून जा. सोनोग्राफीचा जुना कागद आणि पाळीच्या तारखा लिहिलेली वही बरोबर असू द्या.