वन्संची चिठ्ठी आणि माझे सव्वीस टक्के

मैत्रिणींनो, या पानावर लोणच्याला बुरशी का येते इथपासून मुलांच्या अभ्यासापर्यंत बरंच काही मी तुम्हांला सांगत असते. आज मात्र आधी माझीच एक चूक सांगायची आहे.

गेल्या डिसेंबरात माझ्या थोरल्या नणंदबाई चार दिवस आमच्याकडे राहायला आल्या होत्या. वय एकोणपन्नास. थंडी मरणाची, आम्ही सगळी रजयांत गुरफटलेली, आणि रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले तर वन्सं गॅलरीत उभ्या, पदराने मान पुसताहेत. मी घाबरलेच. त्या म्हणाल्या, "काही नाही गं वहिनी. छातीपासून वर आगीचा लोळ चढल्यासारखं होतं, तोंड लालभडक, घामानं ब्लाऊज चिंब. पाच मिनिटांनी परत हुडहुडी. रात्रीतून सहा-सहा वेळा चालतं हे." पाळी थांबून त्यांना वर्ष होत आलं होतं. त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी हॉर्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. ती चिठ्ठी पर्समध्ये घडी घालून तशीच होती. "घेऊ का गं? तू वाचतेस बिचतेस, म्हणून विचारते."

आणि मी वाचणारी बाई लगेच बोलून मोकळी झाले! "मुळीच घेऊ नका हं वन्सं. अमेरिकेत मोठं संशोधन झालंय. स्तनाचा कॅन्सर सव्वीस टक्क्यांनी वाढतो." त्यांनी चिठ्ठी पुन्हा पर्समध्ये ठेवली.

मे महिन्यात भाच्याच्या मुंजीत भेटल्या तेव्हा मला ओळखूच येईनात. डोळे खोल गेलेले, चिडचिड, दोनदा बोलता बोलता शब्द आठवेना म्हणून रडायला आलं. पाच महिने त्या सलग तीन तास झोपल्या नव्हत्या. चिठ्ठी पर्समध्येच होती. "तू सांगितलंस ना, म्हणून नाही घेतल्या," म्हणाल्या. अगदी साधेपणानं म्हणाल्या, पण मला घास गिळवेना.

घरी आल्यावर मी ठरवलं, की ते सव्वीस टक्के नेमके कशाचे, हे मुळापासून पाहायचं. जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पाळी जाते म्हणजे काय होतं, तर आपल्या अंडाशयांत तयार होणारं इस्ट्रोजेन जवळजवळ थांबतं. ते बाहेरून द्यायचं ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९४२ साली 'प्रेमारिन' नावाची गोळी आली. ती कशापासून काढत, तर गाभण घोड्यांच्या मूत्रापासून! (वन्संना हे अजून सांगितलेलं नाही. त्यांचं सोवळंओवळं मला माहीत आहे.) पुढे १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून सांगितलं, की या गोळ्यांनी बाई कायम तरुण राहते, आणि गोळ्यांचा खप धो धो वाढला. १९७५ साली लक्षात आलं, की नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर जास्त होतो. तेव्हापासून ज्यांचं गर्भाशय जागेवर आहे त्यांना इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं दुसरं औषधही देऊ लागले. त्याने अस्तराचं रक्षण होतं. हा नियम आजही तसाच आहे, तेवढा लक्षात ठेवा.

मग आली हृदयाची गोष्ट. अमेरिकेत १९७६ पासून हजारो परिचारिकांची माहिती वर्षानुवर्षं गोळा करत होते. १९८५ मध्ये त्यावरून दिसलं, की गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो. झालं! साठी-पासष्टीच्या बायकांनाही हृदयासाठी म्हणून गोळ्या सुरू झाल्या. पण यात एक गोम होती. आपल्या कॉलनीत रोज पहाटे फिरायला जाणाऱ्या, वजन सांभाळणाऱ्या, वेळच्या वेळी डॉक्टरकडे जाणाऱ्या बायका असतात ना, तशाच बायका गोळ्याही नेमाने घेत होत्या. मग हृदय चांगलं राहिलं ते गोळीमुळे की फिरण्यामुळे? नुसतं पाहून हे कळत नाही.

ते कळण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. म्हणजे बायकांचे दोन गट नशिबावर सोडून पाडायचे, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे बाईलाही माहीत नाही. असं मोठं संशोधन १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं हाती घेतलं. त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री प्रमुख बर्नाडिन हीली तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. या संशोधनाचं नाव 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'. त्यातल्या दोन औषधांच्या प्रयोगात १६,६०८ बायका होत्या, वय ५० ते ७९. जुलै २००२ मध्ये, सरासरी पाच वर्षं झाल्यावर, तो मधेच थांबवला, कारण फायद्यापेक्षा अपाय जास्त दिसला. जगभर बातमी झाली. माझे सव्वीस टक्के तिथले.

आता इथे जरा थांबा. मी सहावीच्या मुलांना मराठी शिकवते आणि गणिताच्या बाई रजेवर असल्या की गणितही. शेकडेवारी शिकवताना मी फळ्यावर पहिला प्रश्न लिहिते, 'कशाचे टक्के?' हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला नाही. त्या प्रयोगात गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला आणि घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. तिसावर आठ म्हणजे सव्वीस टक्क्यांच्या आसपास. खरंच आहे. पण दहा हजारांत आठ जणी जास्त, हेही तितकंच खरं आहे. माझ्या तोंडून पहिलं निघालं, दुसरं निघालंच नाही. वन्संनी काय ऐकलं असेल? शंभरातल्या सव्वीस बायकांना कॅन्सर होतो, असंच ना!

त्याच हिशोबात दहा हजारांत पक्षाघात आठ जणींना जास्त, फुप्फुसात रक्ताची गुठळी आठ जणींना जास्त, हृदयविकाराचे झटके सात जणींना जास्त. उलट खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण पंधरावरून दहावर आलं आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर सोळावरून दहावर. आठ हा आकडा लहान म्हणून तो हसण्यावारी न्यायचा नाही. त्या आठांत आपण असलो तर आपल्यापुरते शंभर टक्केच. पण दोन्ही पारड्यांत काय आहे ते बघून तरी ठरवावं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटली होती. कारण प्रश्नच मुळी वेगळा होता, की या गोळ्यांनी उतारवयातला हृदयविकार टळतो का? उत्तर आलं, टळत नाही. हृदयासाठी म्हणून गोळ्या घेऊ नका, हे आजही मान्य आहे. पासष्टीच्या पुढे गोळ्या सुरू केलेल्यांत स्मृतिभ्रंश जास्त दिसला, तेही २००३ मध्ये छापून आलं. पण माझ्या एकोणपन्नास वर्षांच्या, रात्री गॅलरीत उभ्या राहणाऱ्या नणंदेचा प्रश्न हा नव्हताच. तिला झोप हवी होती. आणि अंगाच्या भडक्यांवर इस्ट्रोजेनइतकं गुणकारी औषध अजून दुसरं नाही, याविषयी कोणाचंच दुमत नाही.

२००७ मध्ये त्याच संशोधकांनी वयाप्रमाणे आकडे पुन्हा मांडले. पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत औषध सुरू केलेल्यांत हृदयविकार वाढलेला दिसला नाही. वीस वर्षांनी सुरू केलेल्यांत वाढला. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, तो प्रयोग २००४ मध्ये पक्षाघात वाढतो म्हणून थांबवला. पण स्तनाचा कॅन्सर त्यांच्यात वाढला नव्हता, आणि २०२० मध्ये आलेल्या दीर्घ नोंदींत तर तो कमीच निघाला. दोन औषधं घेतलेल्यांत मात्र तो थोडा जास्तच राहिला. दोन्ही प्रयोगांतल्या बायकांवर अठरा वर्षं नजर ठेवून २०१७ मध्ये सांगितलं गेलं, की गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत मृत्यूचं प्रमाण सारखंच आहे. ही बातमी आपल्यापैकी किती जणींनी ऐकली? मी तर नव्हती ऐकली. भीतीची बातमी पाय लावून धावते, खुलासा मागून लंगडत येतो.

अमेरिकेत २००३ पासून या औषधांच्या वेष्टनावर काळ्या चौकटीत इशारा छापत. त्यातला हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंश यांचा भाग काढण्याचं तिथल्या औषध खात्यानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. नुसत्या इस्ट्रोजेनमुळे होणाऱ्या गर्भाशयाच्या कॅन्सरचा इशारा ठेवला आहे. काही डॉक्टरांना हे फार घाईचं वाटतं. मलाही वाटतं, की भीतीच्या टोकावरून एकदम १९६६च्या 'कायम तरुण' या टोकाला उडी मारायला नको.

मग घ्यायच्या की नाही? ते मी आता सांगणार नाही. एकदा सांगून बसले आहे. डॉक्टरांना काय सांगायचं आणि काय विचारायचं, तेवढं सांगते. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, हृदयविकार वा पक्षाघात येऊन गेला असेल, यकृताचा आजार असेल, तर ते न विचारताही सांगा. अशांना ही औषधं सहसा देत नाहीत. आईला, बहिणीला, मावशीला काय झालं होतं तेही सांगा. गोळीऐवजी कातडीवर लावायची पट्टी किंवा जेल चालेल का, हे विचारा. त्यात गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो. हॉर्मोन नको असेल किंवा चालत नसेल तर भडक्यांवर दुसऱ्याही काही गोळ्या आहेत.

आणखी एक गोष्ट, जी आपण जिवाभावाच्या मैत्रिणीलाही सांगत नाही. पाळी गेल्यावर योनिमार्ग कोरडा पडतो, संबंधाच्या वेळी दुखतं, वारंवार लघवीला जळजळ होते. बायका हे वर्षानुवर्षं सोसतात, नवऱ्याशी अबोला धरतात, पण बोलत नाहीत. त्यासाठी अगदी कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम असतं. ते लावल्या जागीच काम करतं, रक्तात फारसं जातच नाही. लाजू नका, विचारा.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी 'परत आली वाटतं' म्हणून बसू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.

आपल्याकडे पाळी पाश्चात्त्य बायकांपेक्षा लवकर जाते, तिथे एक्कावन्नच्या सुमाराला तर इथे सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसला. शिवाय पिशवी काढलेल्या बायका किती! २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, तर १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर पस्तिशीतल्या बाईची रजोनिवृत्ती एका दिवसात होते आणि हाडं, हृदय दोन्ही लवकर झिजायला लागतात. अशा बाईला दुसरी अडचण नसेल तर नैसर्गिक वयापर्यंत तरी हॉर्मोन द्यावेत, असं डॉक्टर सांगतात. तिच्यासाठी साठीच्या अमेरिकन बायकांचे आकडे उपयोगाचे नाहीत. पण अंडाशयं ठेवली की काढली, हे आपल्याकडे बाईला ठाऊकच नसतं. दवाखान्यातून घरी सोडताना दिलेला कागद जपून ठेवा. त्यात लिहिलेलं असतं.

हे सगळं वहीत लिहून मी वन्संकडे गेले. आधी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू काय मुद्दाम केलंस का?" पण चहा टाकायला उठताना हळूच म्हणाल्या, "पाच महिने मात्र वाईट गेले गं." मग आम्ही दोघी त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रक्तदाब पाहिला, तपासणी झाली, स्तनाचा फोटो काढून आणायला सांगितला. तो नीट आला. वन्संनी वहीतले प्रश्न एकेक करून विचारले, आणि पट्टी व रात्री एक गोळी, असं तीन महिन्यांसाठी सुरू केलं. दर वर्षी फेरविचार करायचा, असंही ठरलं.

परवा त्यांचा फोन आला. झोपेचं विचारलं तर म्हणाल्या, एकदाच जाग येते आता. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्या धाकट्या जाऊबाई, चाळीसच्या. तिची पिशवी काढून चार वर्षं झाली. तो कागद म्हणालीस ना तू? आम्ही दोघींनी सगळी ट्रंक उपसली. सापडत नाहीये."

रविवारी मी तिकडे जाते आहे. कागद नाहीच मिळाला, तर त्या दवाखान्यात जाऊन नक्कल मागायची आहे.