ढाक्याचे शुल्क आणि वरुडचा संत्रा

परदेशातल्या एका कचेरीत आयात शुल्काचा कागद निघतो आणि आपल्याकडे झाडावरच्या संत्र्याचा सौदा मोडतो. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव आणि अकोला जिल्ह्यातले अकोट, तेल्हारा, पातूर या भागातल्या बागाईतदारांनी हे गेल्या काही वर्षांत पुरेपूर अनुभवले आहे. बहार चांगला, पाणी पुरले, फळगळही आटोक्यात, तरी भाव नाही. मग गावात चर्चा होते की व्यापाऱ्यांनी संगनमत केले. काही ठिकाणी तसे होतही असेल. परंतु दुखणे त्याहून दूरचे आहे आणि ते नीट समजल्याशिवाय त्यावर उपाय सापडणार नाही.

एकच मोठा दरवाजा

नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव नागपूरचे असले तरी विदर्भात संत्र्याचे सर्वात मोठे क्षेत्र अमरावती जिल्ह्यात आहे. या संत्र्याला परदेशात गिऱ्हाईक कोण, तर प्रामुख्याने बांगलादेश. कारण सरळ आहे. आपला संत्रा सालीला सैल आणि रसाला भरपूर, पण टिकाऊपणात कमी. जहाजातून महिनाभर प्रवास करून युरोपात जाणे त्याला झेपत नाही. ट्रकने पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल नाक्यावर पोहोचणे आणि पलीकडे बेनापोलला उतरणे मात्र जमते. शिवाय मध्यम व बारीक आकाराचे फळ, ज्याला दिल्ली-मुंबईत फारसे कुणी विचारत नाही, ते तिकडे खपते. बांगलादेशचा व्यापारी बाजारात असला की इथला खरेदीदारही भाव वाढवतो. म्हणजे निर्यात थोड्या मालाची झाली तरी भाव सगळ्या मालाचा सावरतो. आणि हा दरवाजा अडला की सगळाच माल देशातल्या त्याच त्या बाजारात येऊन पडतो.

दरवाजा अडला कसा?

व्यापाऱ्यांच्या हिशेबाप्रमाणे 2019 च्या सुमारास बांगलादेशात संत्र्यावर किलोमागे 20 रुपयांच्या आसपास शुल्क पडत होते. दरवर्षी ते चढत गेले. 2023 मध्ये ते 88 रुपयांवर पोहोचले आणि 2024 मध्ये शंभरी ओलांडून गेले. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या सरकारने ताज्या फळांवरचे पूरक शुल्क आणखी वाढवले. रमजानच्या महिन्यात, मार्च 2025 मध्ये त्यात थोडी सूट दिली, पण बोजा मोठाच राहिला.

असे का झाले? आपल्याकडे सर्रास बोलले जाते की आपण कांदा अडवला म्हणून त्यांनी संत्रा अडवला. या बोलण्याला आधार नाही असे नाही. भारताने सप्टेंबर 2019 मध्ये कांद्याची निर्यात अचानक बंद केली. पुढच्याच महिन्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर कार्यक्रमात त्यांनी सांगितले की, आपण घरच्या स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून बजावले आहे. निदान आधी कळवायचे तरी. बोलणे हसत हसत होते, पण तक्रार खरी होती. सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा बंदी आली. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागले आणि डिसेंबर 2023 मध्ये परत बंदी झाली. ती मे 2024 मध्ये उठली आणि उरलेले निर्यात शुल्क 1 एप्रिल 2025 पासून गेले. ज्याच्या घरी कांदा आपल्याकडून जातो, त्याच्याशी चार-पाच वर्षांत इतक्या वेळा वागणूक बदलली तर त्याचा भरवसा उडणारच.

तरीसुद्धा सगळे खापर कांद्यावर फोडणे बरोबर नाही. बांगलादेशची परकीय गंगाजळी ऑगस्ट 2021 मध्ये 48 अब्ज डॉलरच्या घरात होती. पुढे इंधन व धान्य महागले आणि 2023 च्या अखेरपर्यंत ती जवळपास निम्म्यावर आली. डॉलर वाचवण्यासाठी तिथल्या महसूल मंडळाने मे 2022 मध्ये शंभरावर वस्तूंवर जादा शुल्क बसवले. सौंदर्यप्रसाधने, फर्निचर, फुले यांच्या यादीत फळेही आली. तेल आणि गहू लागतोच, संत्र्याशिवाय चालेल, असा तो हिशेब. आपण ज्याला पीक म्हणतो त्याला त्यांनी चैनीची वस्तू ठरवले. ऑगस्ट 2024 मध्ये शेख हसीनांचे सरकार गेले. 2025 मध्ये तर दोन्ही देशांनी खुष्कीच्या नाक्यांवरून होणाऱ्या एकमेकांच्या काही मालावर निर्बंध घातले. बांगलादेशने आपले सूत अडवले, भारताने त्यांचे तयार कपडे खुष्कीच्या सगळ्याच नाक्यांवर आणि फळांची पेये काही नाक्यांवर अडवली. त्या यादीत संत्रा नव्हता, पण नाक्यावर ताण वाढला की नाशवंत मालाला सर्वात आधी फटका बसतो.

हे फक्त आपल्याच नशिबी आले असे समजू नये. अमेरिकेने 2018 मध्ये पोलाद व ॲल्युमिनियमवर शुल्क वाढवले, त्याला उत्तर म्हणून भारताने जून 2019 मध्ये अमेरिकन सफरचंदावर 20 टक्के जादा शुल्क लावले. ते सप्टेंबर 2023 मध्ये काढले. भांडण पोलादाचे आणि दुकानातून कमी झाले वॉशिंग्टनचे सफरचंद! रशियाने 2014 मध्ये युरोपची फळे बंद केली, तेव्हा पोलंडच्या सफरचंद बागाईतदारांचीही अशीच गत झाली. राजकारणात फळ हे सोपे हत्यार आहे. कारण ते थांबून राहू शकत नाही.

शुल्क भरतो कोण?

कागदावर शुल्क आयातदार भरतो. प्रत्यक्षात काय होते ते एका हिशेबाने पाहू. समजा ढाक्याच्या घाऊक बाजारात किलोला 130 रुपये मिळतात. भाडे, कॅरेट, मजुरी, दलाली, खराबी मिळून 40 रुपये. शुल्क 20 रुपये असेल तर मागे 70 रुपये उरतात. त्यात व्यापारी आणि बागाईतदार दोघे. आता शुल्क 88 झाले. गिऱ्हाईक फार तर 30 रुपये जास्त देईल, म्हणजे भाव 160. त्यातून 40 आणि 88 गेले, उरले 32. शुल्क वाढले 68 रुपयांनी. त्यातले 30 ढाक्याच्या गिऱ्हाइकाने सोसले आणि 38 रुपये आपल्याकडच्या वाट्यातून गेले. व्यापारी आपला नफा आधी बाजूला काढतो. मग कापले कुणाचे गेले हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट खराबीची. शुल्क नाक्यावर सगळ्या वजनावर लागते, सडलेले फळ त्यातून वगळले जात नाही. 100 किलोत 15 किलो खराब निघाले तर 20 रुपये शुल्क असताना विकलेल्या किलोवर साडेतेवीस रुपये बसत. फक्त 3 किलो खराब निघाले तर सुमारे साडेवीस रुपये. फरक जेमतेम 3 रुपयांचा. आता 88 रुपये धरा. 15 किलो खराबीला साडेएकशेतीन, 3 किलोला सुमारे 91. फरक जवळपास 13 रुपयांचा! म्हणून शुल्क जितके जास्त, तितके टिकाऊ फळ पुढे आणि नाजूक फळ मागे. ढाक्याच्या सुपरमार्केटमध्ये इजिप्त किंवा दक्षिण आफ्रिकेची घट्ट सालीची, मेण लावलेली, एकसारखी फळे दिसतात आणि आपला संत्रा हातगाडीवर राहतो, त्याचे एक कारण हे आहे.

आपल्या दारातले सुपरमार्केट

लांब जायचे कारण नाही. अमरावती, अकोला, नागपूरच्या मोठ्या दुकानांत पंजाबचा किन्नू आणि स्टिकर लावलेला परदेशी संत्रा संत्रापट्ट्याच्या मधोमध विकला जातो. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर 2022 मध्ये लागू झाला. त्यात तिथल्या संत्रावर्गीय फळांना वर्षाला 13,700 टनांपर्यंत निम्म्या शुल्काने, म्हणजे 30 ऐवजी 15 टक्क्यांनी, भारतात वाट मिळाली. हे प्रमाण आपल्या उत्पादनापुढे किरकोळ आहे आणि त्यांचा हंगाम आपल्या आंबियाच्या आधी, पावसाळ्याच्या सुमाराचा आहे. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण विचारण्यासारखा प्रश्न आहे: आपला संत्रा बाहेर जाताना शंभर टक्क्यांच्या वर बोजा आणि बाहेरचा आत येताना सवलत, असे का? करार करताना त्यांच्या बागाईतदाराची बाजू कुणीतरी मांडली. आपली बाजू ढाक्यापुढे तितक्याच नेटाने मांडली गेली पाहिजे.

अनुदान आले, पण कुणाला?

2023 च्या अखेरीस राज्य सरकारने बांगलादेशच्या शुल्काच्या निम्मी रक्कम, किलोमागे 44 रुपये, अनुदान म्हणून देण्याचे जाहीर केले. हेतू चांगला. परंतु आंबियाची तोड ऑक्टोबरपासून सुरू होते. निर्णय येईपर्यंत अनेकांचे बगीचे उभे विकले गेले होते. दुसरे असे की निर्यातीचे अनुदान निर्यातीच्या कागदांवर मिळते आणि ते कागद बागाईतदाराच्या नावाचे नसतात. झाडावर ठोक्याने बगीचा विकला की आपला माल कुठे गेला याची चिठ्ठीसुद्धा आपल्याजवळ राहत नाही. म्हणून पुढे असे अनुदान द्यायचे तर दोन अटी हव्यात: घोषणा सप्टेंबरच्या आत व्हावी आणि बागाईतदाराच्या सौदापावतीशिवाय निर्यातदाराचा दावा मंजूर होऊ नये. ग्रामसभांनी असा ठराव करून पाठवला तर त्याला वजन येईल.

आपल्या हातात काय आहे?

शुल्क आपल्या हातात नाही, त्यामुळे हातातल्या गोष्टींकडे पाहू.

पहिली, सौदापावती. वजन, भाव, तारीख, खरेदीदाराचे नाव, सही. साध्या कागदावर का होईना, घ्यावीच.

दुसरी, संपूर्ण बगीचा एकाच खरेदीदाराला न देता निदान काही झाडे स्वतः तोडून प्रतवारी करावी. फळ ओढून न तोडता कात्रीने, देठ बारीक ठेवून काढले तर सड बरीच कमी होते. सुपरमार्केटवाले एका आकाराचे, रोज ठरलेल्या वजनाचे फळ मागतात. एकट्याला ते जमत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीतून दहा-पंधरा गावांनी मिळून धुणे, मेण लावणे आणि प्रतवारीचे यंत्र चालवले तर जमते.

तिसरी, बारीक फळाची वेगळी सोय. नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीचा रसाचा मोठा प्रकल्प मार्च 2025 मध्ये सुरू झाला. प्रक्रियेचा भाव खाण्याच्या फळाइतका कधीच नसतो, हे धरून चालावे. पण बारीक माल तिकडे वळला तर चांगल्या मालाचा बाजार पडत नाही.

चौथी, नवीन लागवड. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने ‘नागपूर सीडलेस’ हे बियांचे प्रमाण कमी असलेले वाण दिले आहे. दुकानातल्या गिऱ्हाइकाला बी नको असते. कलमे मात्र खात्रीच्या रोपवाटिकेतूनच, पावती घेऊन आणावीत. संत्र्याचे झाड पाच-सहा वर्षांनी बहाराला येते, तिथे चुकीचे कलम म्हणजे तेवढी वर्षे वाया.

बांगलादेशची वाट सोडून द्या असे कुणी म्हणू नये. ती जवळची आहे आणि तिथल्या लोकांना आपल्या संत्र्याची चव माहीत आहे. उद्या शुल्क उतरले तर ट्रक पुन्हा लागतील, आणि लागावेत. पण एका घराला एकच दार असले आणि त्याची किल्ली शेजाऱ्याकडे असली, तर घरधन्याने दुसरे दार पाडून घ्यावे हे बरे. शुल्क पुन्हा उतरायची वाट पाहत बसण्यापेक्षा या हंगामात निदान प्रतवारी आणि पावती या दोन गोष्टींपासून सुरुवात व्हावी.