भेटीला जा, पण हात धुऊन



मंडळीत कुणी आजारी पडलं की भेटायला जायचं, प्रार्थना करायची, डबा पोचवायचा, ही आपली चांगली रीत. पण स्तनाच्या कॅन्सरमुळे स्तन काढून त्या जागी सिलिकॉनचा इम्प्लांट बसवलेली बहीण घरी आली असेल, तर ही रीत जरा बदलायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. सर्जिकल वॉर्डात नर्स म्हणून बरीच वर्षं काढली, म्हणून लिहिते.

इम्प्लांटला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. जंतू एकदा त्याला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर करून बसतात आणि औषध तिथवर नीट पोचत नाही. मग पुष्कळदा इम्प्लांटच काढावा लागतो. केमो किंवा रेडिएशन बाकी असेल तर तेही लांबू शकतं. ‘रूपासाठी कशाला एवढा खटाटोप’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

काळजी ऑपरेशनच्या आधीपासून घ्यायची. साखर आटोक्यात आणा. मिश्री, तंबाखू, सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद करा. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. साबण लावून स्वच्छ अंघोळ करा. काखेतले केस घरी ब्लेडनं काढू नका. बारीक कापल्या जागेतून जंतू शिरतात.

अँटिबायोटिकचा मुख्य डोस चिरा देण्याआधी देतात. ऑपरेशननंतर केवळ खबरदारी म्हणून तो लांबवू नये, ड्रेनची नळी आहे एवढ्यासाठीही नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ सालीच सांगितलंय. पेशंटनुसार काय द्यायचं ते सर्जन ठरवतील. मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या आणणं मात्र साफ चूक.

घरी आल्यावर ड्रेनला हात लावण्याआधी आणि नंतर साबणानं हात धुवायचे. डॉक्टर सांगेपर्यंत जखम भिजवायची नाही, तेल-हळद लावायची नाही. भेटायला एका वेळी दोघीच जा, पलंगावर बसू नका. सर्दी-खोकला, ताप किंवा हातावर गळू असेल तर फोनवरच प्रार्थना करा; देव तीही ऐकतो.

सगळ्यात मोठी अडचण मात्र लाजेची. छातीवर लाली आली, जागा गरम लागली, सूज किंवा दुखणं वाढलं, पू आला, ड्रेनचं पाणी गढूळ झालं, ताप भरला, तरी बाई कुणाला सांगत नाही. घरात मुलगे, जावई, दाखवणार कुणाला? ‘पुढच्या तारखेला बघू’ म्हणत चार दिवस निघून जातात. असं मी वॉर्डात कितीदा तरी पाहिलंय. वेळेवर आली तर कधी कधी औषधानं आणि जखम धुऊन इम्प्लांट वाचवता येतो. म्हणून त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा. आणि टाके निघाले म्हणजे धोका टळला असंही नाही. काही आठवड्यांनी, महिन्यांनीसुद्धा संसर्ग होऊ शकतो.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळीच्या महिला संघानं अशा बहिणीसाठी एक जाणती बाई नेमावी. तिनं रोज एक फोन करावा, मोकळेपणी विचारावं, ड्रेसिंगला सोबत जावं. घरभर माणसं जमवण्यापेक्षा ही एक बाई तिच्या जास्त कामी येईल.

– एक निवृत्त परिचारिका, बेळगाव